दोन गल्ल्यांतला फरक

पद्मल हावळ पिशवी घेऊन रहाटगल्लीत शिरली की बायका हातातलं काम टाकून, डाव्या दंडावरची बाही वर सारून ओट्यावर येऊन बसत. टिकली बदलायची असे. ही टिकली कपाळावरची नव्हे. लिमलेटच्या गोळीएवढी पांढरी चकती दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची, पंधरवड्यानं काढायची आणि तिथं नवी लावायची. सरकारी कागदात तिचं नाव दीड ओळीचं होतं. ते पद्मलनं पहिल्या दिवशी वाचून दाखवलं, तेव्हा कोपऱ्यावरची भागव्वा म्हणाली, "म्हंजे टिकलीच की." तेव्हापासून ती टिकली झाली, ती थेट तालुक्याच्या कचेरीपर्यंत.

इचलकरंजीत मंदीचं ते चौथं वर्ष होतं. मंदी कशी आली यावर शहाण्या लोकांनी जाडजूड पुस्तकं लिहिली आहेत. थोडक्यात सांगायचं तर ती अशी आली. आधी परदेशात आणि मग आपल्याकडे माणूस न लागणारे कापडाचे कारखाने निघाले. आत माणूसच नाही म्हटल्यावर दिवे तरी कशाला लावायचे, म्हणून ते अंधारात चालत. आपल्या सुताच्या भावात त्यांचं तयार कापड बाजारात यायला लागलं. लोक खूश झाले. मग चपलांचं तसंच झालं, भांड्यांचं झालं, कचेरीतल्या लिखापढीचं झालं, गाड्या हाकण्याचं झालं. जो तो घरी बसल्यावर ते स्वस्त कापड घेणार कोण? शेवटी अंधारातले कारखानेही बंद पडले. इचलकरंजीचे माग तर त्याच्या कितीतरी आधी थांबले होते. पिढ्यान् पिढ्या खटखटाटात झोपायची सवय झालेल्या गावाला पहिले कित्येक महिने शांततेमुळे झोप येत नव्हती.

पद्मलनं बावीस वर्षं एका शेडमध्ये कांड्या भरल्या. मागाच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. शेजारच्या रहाटावर बावीस वर्षं शमशाद मुजावर बसायची. दोघींचं लग्न एकाच वर्षी झालेलं, दोघींचे नवरे एकाच मालकाकडे, आणि दोघींच्या घरांमध्ये बारा फुटांचा रस्ता. रस्त्याच्या अलीकडे पद्मलची रहाटगल्ली, पलीकडे शमशादची कांडेगल्ली. डबा त्या रस्त्यावरून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे सारखा चालू असायचा. ईदला तिकडून शिरखुर्मा, दसऱ्याला इकडून कडाकणी, आणि एरवी ज्या दिवशी जे चांगलं झालं असेल ते. डबा परत करताना रिकामा द्यायचा नाही, ही तर दोन्ही गल्ल्यांची रीतच. घालायला काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची, साखर नसेल तर कढीलिंबाची डहाळी. पण रिकामं भांडं कुणाच्या हातात द्यायचं नाही.

मंदीच्या चौथ्या वर्षी सरकारची स्थैर्य योजना आली. दर सोमवारी घरटी एक शिध्याची पिशवी: ज्वारी, डाळ, तेल, गूळ, शेंगदाणे, दुधाची भुकटी, आणि लागेल ते औषध. फक्त ही योजना आधीच्यांसारखी नव्हती. आधी काय काय झालं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. चर खणले होते आणि तेच चर बुजवले होते. मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचललं गेलं होतं. आणि शेवटी एवढं सगळं करून कुणाचं काय भलं झालं, हे छातीवर हात ठेवून सांगणारा एक माणूस मिळाला नव्हता. म्हणून नवा कायदा झाला. ज्या मदतीचा उपयोग सिद्ध होईल तीच पुढे चालू ठेवायची. आणि सिद्ध करायचं ते माणसांना विचारून नाही, कारण माणूस पदरात काही पडावं म्हणून रडतो नाहीतर अब्रू राहावी म्हणून हसतो. विचारायचं ते थेट अंगाला.

ते काम टिकलीचं; दोन्ही गल्ल्यांत घरटी एकाला ती लावायला पद्मलला नेमलं होतं. टिकलीच्या पोटात केसाहून बारीक सुयांचं जाळं होतं. त्या कातडीखाली, पेशींच्या मधे जे पाणी असतं तिथवर पोचत, दुखतही नसे. त्या पाण्यात साखर किती, अंग स्वतःचीच चरबी जाळायला लागलंय का, चरबी संपून स्नायू खायला लागलंय का, काळजीनं वाढणारा रस किती वाढलाय, हे सगळं टिकली मिनिटामिनिटाला वाचायची आणि त्याचा एक अंक काढायची, शून्य ते शंभर. पोटभर जेवून निवांत झोपणाऱ्या माणसाचा अंक सत्तरच्या वर. चाळीसच्या खाली गेलेला माणूस उपाशी आणि धास्तावलेला. पंचवीसच्या खाली गेला की धोका. हे अंक मुंबईत कुठंतरी एका संगणकात जमा होत. त्या संगणकाचं नाव तुळा, आणि निकाल द्यायचा तो तुळानंच.

अठराव्या आठवड्यात देवयानी बर्वे या सांख्यिकी अधिकारी बाईंनी पद्मलला कचेरीत बोलावलं. बाई पुण्याच्या, तिशीच्या, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन फिरणाऱ्या. वाईट नव्हत्या. हे मुद्दाम सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून त्यांच्यावर राग काढायचा मोह होईल.

"पद्मलताई, हे बघा," बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर एक निळी आणि एक राखाडी अशा दोन रेघा एकमेकींना चिकटून चालल्या होत्या. "निळी तुमची रहाटगल्ली. राखाडी कांडेगल्ली. सुरुवातीला दोन्हींचा सरासरी अंक अडतीस होता. आज तुमचा एक्कावन्न आहे."

"मग चांगलं की मॅडम."

"कांडेगल्लीचा एकोणपन्नास आहे. त्यांना तर काहीच देत नाही आपण."

पद्मलनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. बाई समजावून सांगू लागल्या.

"तुमच्या शेताला नवं खत घातलं आणि पीक जोरात आलं, तर ते खतानं आलं की पावसानं, हे कसं कळणार? म्हणून शेजारच्या तुकड्याला खत घालायचं नाही. पाऊस दोन्हीकडे सारखाच. मग दिसेल तो फरक खताचा. सोडत काढली तेव्हा तुमची गल्ली खताचा तुकडा निघाली, कांडेगल्ली बिनखताचा. आता दोन्हीकडे पीक सारखंच आलंय म्हटल्यावर तुळा काय म्हणणार? खत कुचकामी, बंद करा."

"आणि त्या बिनखताच्या तुकड्यानं काय करायचं हुतं मॅडम?"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "थांबायचं. पद्मलताई, आठ आठवडे उरलेत. शेवटच्या मोजणीत फरक दिसला, तर दोन्ही गल्ल्यांना शिधा, आणि मग सगळ्या गावाला. तसं लेखी आहे. नाही दिसला, तर तुमचाही बंद." मग त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पलीकडे काही जातं का हो इकडून?"

खरं सांगावं असं पद्मलच्या अगदी ओठावर आलं. पण योजनेचं अकरावं कलम तिला पाठ होतं, तिनंच ते घरोघर वाचून दाखवलं होतं. जे घर शिधा दुसऱ्याला देतं त्या घराला शिध्याची गरज नाही असं समजून त्याचं नाव कमी करण्यात येईल.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "काय जाणार?"

काय जाणार? रोज साठ घरांतून साठ डबे जात होते. आपल्या घरात भाकरी भाजायची आणि समोरच्या दारातल्या माणसानं तिचा वास घेत बसायचं, हे कुणाला सुचलंच नव्हतं. योजना लिहिणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता, दलालांचा, चोरांचा, खोट्या कागदांचा. फक्त हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि भाकरी कुणाच्या तव्यावर भाजली हे टिकलीला कळत नाही.

त्या दुपारी पद्मल शमशादच्या घरी गेली. शमशाद दारात बसून जुन्या साडीची गोधडी शिवत होती. गेल्या दोन वर्षांत ती निम्मी झाली होती; सुताचा कोंडा छातीत साठलेला, त्यात एकदा क्षय होऊन बरा झालेला. पद्मलनं कचेरीत झालेलं सगळं सांगितलं, खताच्या तुकड्यासकट.

शमशादनं सुई कापडात टोचून ठेवली. "म्हंजे तुमचा डबा आमच्या पोटात जातोय म्हणून तुमचा शिधा बंद हुणार."

"आन तुम्हाला मिळणारा बी."

"आठ आठवडं म्हंजे किती, दोन म्हैने न्हवं?" शमशाद हिशेब करताना नेहमी वर छताकडे बघायची, तशी बघत राहिली. मग म्हणाली, "बंद कर डबा."

"येडी हाईस व्हय? खाशील काय?"

"चार म्हैन्यांमागं काय खात हुतो? मुलीकडनं थोडं येतं. आमचं हे नदीवरनं भाजीचा पाला आणत्यात. निघंल कसं बी." ती हसली. "पदू, शेडात सुताचं बीम बदलताना चार दिवस काम बंद असायचं, तवा आपण काय मेलो का? बीम बदललं की माग चालू. तसंच हे."

हे म्हणायला शमशादच हवी होती. दुसरी कुणी म्हणाली असती तर पद्मलला पटलं नसतं, आणि पद्मल स्वतः तर ते कधीच म्हणू शकली नसती. पण खरं सांगायचं तर, ती हेच ऐकायला तिथं गेली होती.

रहाटगल्लीला समजावायला तीन दिवस लागले. कुणी पद्मलला शिव्या दिल्या, कुणी मान खाली घातली. भागव्वा म्हणाली, "सरकार म्हणतंय उपाशी ठेवा, म्हंजे जेवणाचं म्हत्त्व कळतंय." पण शेवटी सगळ्यांना पटलं, कारण पटवून घेण्यावाचून इलाज नव्हता.

मग एक अडचण निघाली. इकडची भांडी तिकडे होती आणि तिकडची इकडे. व्यवहार थांबवायचा तर भांडी ज्याची त्याला गेली पाहिजेत. रविवारी दुपारी दोन्ही गल्ल्यांतल्या बायका आपापल्या दारातून बाहेर आल्या. डबे, वाट्या, पातेल्या, कुणाच्या लग्नातल्या, कुणाच्या डोहाळजेवणातल्या, प्रत्येक भांड्यावर कोरलेलं नाव वाचून ज्याच्या त्याच्या हातात. आणि एकही भांडं रिकामं नव्हतं. रहाटगल्लीच्या बायकांनी शेवटचं म्हणून गच्च भरून दिलं होतं. कांडेगल्लीच्या भांड्यांत कढीलिंब होता, चार शेंगदाणे होते, एकीनं झेंडूचं फूल घातलं होतं. कुणी फारसं बोललं नाही. आपण काहीतरी भयंकर करतोय हे सगळ्यांना कळत होतं आणि ते शहाणपणाचं आहे हेही कळत होतं.

पद्मलचा डबा तेवढा आला नाही. दोन पुडांचा, झाकणावर 'पद्मल, मामाकडून' असं कोरलेला.

"आत्ता घालाय काय न्हाई," शमशाद दारातूनच म्हणाली. "ऱ्हाऊ दे माझ्याकडं. दोन म्हैन्यांनी देते भरून."

पहिल्या आठवड्यात रहाटगल्लीत अन्न उरायला लागलं. आतापर्यंत दोन घरांना पुरवायची पिशवी एका घराला मिळाल्यावर दुसरं काय होणार? पद्मलचा नवरा सुकुमार ताटावर बसून पहिला घास हातात धरून ठेवायचा. "जेवा की," पद्मल म्हणायची. तो जेवायचा. दुसऱ्या आठवड्यात बायका फोडणी देताना दार ओढून घ्यायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात नळावर दोन रांगा झाल्या, एक इकडची, एक तिकडची. तसं कुणी ठरवलं नव्हतं. चौथ्या आठवड्यात भागव्वाच्या तोंडून निघून गेलं, "ती कांडेगल्लीची माणसं लई टकामका बघत्यात बाई." आणि ऐकणाऱ्या बायकांपैकी एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सवय व्हायला महिना पुरतो.

पद्मलला मात्र दोन्हीकडे जावं लागे. अंक तिच्या हातातल्या यंत्रावर उमटत. इकडे चोपन्न, अठ्ठावन्न, साठ. तिकडे चव्वेचाळीस, चाळीस, छत्तीस. घरी परतताना ती मनात वजाबाकी करायची आणि फरक वाढलेला पाहून तिला हायसं वाटायचं. त्याची तिला लाज वाटायची. पण वाटायचं ते हायसंच.

सहाव्या आठवड्यात ती शमशादच्या दंडावर नवी टिकली लावायला बसली. दंड असा नव्हताच. टिकली बसायला सपाट जागा सापडेना. यंत्रावर अंक आला तेवीस. मागचे तीन दिवसही तेवीस-चोवीसच. खाली लाल चौकोन उगवला, त्यात लिहिलं होतं 'तातडी'.

"किती हाय?" शमशादनं विचारलं. बोलता बोलता तिला खोकला आला आणि तिनं पदर तोंडाला लावला. पदर तिनं लगेच मुठीत लपवला, पण पद्मलनं पाहायचं ते पाहिलं.

"परत सुरू झालंय. कधीपासनं?"

"झालं असंल पंधरा दिवस."

"हे लाल बटन दाबलं की गाडी यील. कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात खाट मिळंल, दूध, अंडी, इंजेक्शनं, सगळं."

"आन मग मोजणीत मी असंन?"

उत्तर दोघींना माहीत होतं. दवाखान्यात गेलेला माणूस सरकारचं खातो, म्हणून तो बिनखताच्या तुकड्यातून वगळला जातो. तुकडा साठ माणसांचा. पंचावन्नाच्या खाली गेला तर तुलना रद्द, म्हणजे फरक सिद्ध झाला नाही, म्हणजे बंद. कांडेगल्लीतली चार माणसं काम शोधत बेळगावकडे निघून गेली होती आणि एक म्हातारा वारला होता.

"पंचावन्न उरलेत न्हवं?" शमशाद म्हणाली. "बावीस वर्षं कांड्या मोजल्यात मी. मला मोजाय येतंय."

"मी दाबते."

"दाबशील आन काय करशील? माझ्या एकटीच्या खाटंपायी दोन गल्ल्यांचा शिधा घालवशील? समद्यांनी दीड म्हैना कळ काढली ती काय उगंच?" तिनं पद्मलचं मनगट धरलं. हात गरम होता. "दोन आठवडं, पदू. मग दाब. मग मीच म्हणते, दाब."

पद्मलनं बटन दाबलं नाही. शमशादनं अडवलं म्हणून दाबलं नाही, असं ती पुढे आयुष्यभर स्वतःला सांगत राहिली, आणि ते अर्धंच खरं होतं. तिलाही फरक हवा होता. सहा आठवडे रोज वाढताना पाहिलेला, इतका महागात पडलेला फरक तिला आता सोडवत नव्हता.

शेवटची मोजणी शुक्रवारी झाली. रहाटगल्ली त्रेसष्ट, कांडेगल्ली चौतीस. शमशाद भिंतीला टेकून बसली होती, अंक एकोणीस. मोजणी झाली त्याच क्षणी पद्मलनं लाल बटन दाबलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसून राहिली. गाडी दीड तासात आली, त्यात सरकारची कसूर नव्हती. शमशाद मंगळवारी सकाळी कोल्हापूरच्या दवाखान्यात वारली. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आधी आणायला हवं होतं. शमशादचा नवरा इलाहीभाई मान हलवत राहिला. पंधरा दिवसांपूर्वी काय झालं होतं हे त्याला माहीत होतं की नाही, हे पद्मलला कधीच कळलं नाही. विचारायची तिची छाती झाली नाही.

महिन्यानं निकाल आला. पद्मल कचेरीत गेली तेव्हा देवयानीबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. पडद्यावर त्याच दोन रेघा. अठरा आठवडे एकमेकींना चिकटलेल्या, आणि मग जबडा उघडल्यासारख्या लांब गेलेल्या.

"फरक सिद्ध झालाय, पद्मलताई. प्रश्नच नाही."

"मग सोमवारपासनं कांडेगल्लीला..."

"नाही." बाईंनी बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "तुळाचं म्हणणं असं, की शिध्याचा परिणाम पहिले अठरा आठवडे काहीच होत नाही. एकोणिसाव्या आठवड्यापासून एकदम होतो. हे विचित्र आहे. आजवर कुठंच असं दिसलेलं नाही. म्हणून, लेखी असलं तरी, खात्री होईपर्यंत प्रयोग आणखी दीड वर्ष चालू ठेवायचा. आहे तसा. तुम्हाला शिधा मिळत राहील."

"आन त्यांना?"

"त्यांच्याशिवाय तुलना कशाशी करणार?"

पद्मल उभी राहिली. मग एका दमात तिनं सगळं सांगून टाकलं. डबे, साठ घरं, रविवारची भांडी, बंद केलेली दारं, पंचावन्न माणसं. एकोणिसाव्या आठवड्यात शिधा लागू पडला नव्हता, एकोणिसाव्या आठवड्यात डबे थांबले होते. शमशादचं नाव मात्र तिच्या तोंडून निघालं नाही.

बाईंचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. "हे मी लिहिलं तर अकरावं कलम लागतं," त्या हळू म्हणाल्या. "रहाटगल्लीची साठही नावं उडतात. प्रयोग रद्द. दुसऱ्या गावी नव्यानं सोडत निघेल. नाही लिहिलं तर दीड वर्ष हेच. तुम्ही सांगा, काय लिहू?"

पद्मल म्हणाली, "लिहू नका." आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इलाहीभाई दारात उभा होता. बोलावूनही आत आला नाही. हातात दोन पुडांचा डबा होता, राखेनं घासून लखलखीत केलेला.

"तुमचा हाय, वैनी. द्या म्हणाली हुती. रिकामा देऊ नका म्हणाली हुती."

पद्मलनं झाकण उघडलं. आत वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली पुडी होती आणि पुडीत चिमूटभर साखर.

"शेवटी ताकद न्हवती, तवा आमच्या जैबून मावशीनं साखरपाणी कराय साखर दिली हुती," इलाहीभाई डब्याकडे बघत म्हणाला. "तिनं पेली न्हाई. बांधून ठिवली. पदूच्या डब्यात काय घालू मग, म्हणाली."

तो गेल्यावर पद्मल चुलीपुढे बसून रडली, मोठ्यानं, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. मग उठून तिनं परात घेतली. पीठ मळताना, भाकरी थापताना, झुणका ढवळताना पुढे काय होणार हे तिला नीट कळत होतं. तिला खताचा तुकडा समजला होता, रेघा समजल्या होत्या. पडद्यावर कोण हरणार हे त्या कचेरीतल्या कुणाहीपेक्षा तिला जास्त कळत होतं. तिनं दोन्ही पूड गच्च भरले आणि भर दुपारी रस्ता ओलांडला. दारं किलकिली झाली. भागव्वा तिच्याकडे बघत राहिली, मग आत गेली, आणि पातेल्यावर फडकं झाकून मागोमाग बाहेर पडली.

रेघा परत जवळ यायला तीन आठवडे लागले. वर्षाअखेर त्या एकमेकींवर पडल्या. तुळानं दीड वर्ष पुरं व्हायचीही वाट पाहिली नाही. शिध्याचा परिणाम उशिरा होतो आणि टिकत नाही, सबब योजना निरुपयोगी, असा अहवाल निघाला. तो सगळ्या राज्याला लागू होता. देवयानीबाईंची बदली झाली. टिकल्या उतरवून जमा करायचं काम पद्मलकडेच आलं.

एका सोमवारी, एरवी पिशव्या यायच्या त्या वेळी, ती घरोघर फिरली. आधी रहाटगल्ली, मग कांडेगल्ली. उतरवण्याआधी एकदा शेवटचा अंक टिपायचा असा हुकूम होता, तो तिनं पाळला. पिशव्या थांबून तेव्हा दोन महिने झाले होते. घरी येऊन तिनं सरासरी काढली. इकडचे एकतीस, तिकडचे एकतीस. दोन गल्ल्यांत काहीच फरक उरला नव्हता.